आठ कुठे गेला? हातच्याने नेला!

मागच्या अंकात कोड्यांच्या पानाखाली एक ओळ टाकली होती, नऊ एक्के शेजारी शेजारी लिहा म्हणजे १११११११११, आणि त्या संख्येला तिनेच गुणा, हाताने गुणा, मोबाईल नको. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि तसंच परत एकपर्यंत उतरायचं. या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळी अख्खं सदर याच संख्येला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाही, फक्त गावं दिलीत.

प्रश्न (सातारा): ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, असं नऊ एक्क्यांपर्यंत मस्त येत जातं. पण दहा एक्के घेतले की सगळं बिघडतं. असं का, हे मुलीने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

उत्तर: ताई, हे तिला तोंडी सांगू नका, चौकटीची वही काढा आणि तिच्याच हाताने लिहून घ्या. आधी छोटं घ्यायचं, १११ गुणिले १११. शाळेत मांडतो तसंच, पहिली ओळ १११, दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली मारून परत १११, तिसऱ्या ओळीत दोन फुल्या मारून परत १११. म्हणजे गुणाकार असा काही करायचाच नाहीये, तीच ओळ दरवेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची आहे.

आता आडवं बघू नका, उभं बघा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक्का आहे, दुसऱ्यात दोन, मधल्यात तीन, मग परत दोन, मग एक. बेरीज करायची म्हणजे प्रत्येक रकान्यात किती एक्के आहेत ते मोजून खाली लिहायचं, झालं १२३२१. नऊ एक्क्यांचंही हेच, नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक्के, एकूण ८१ एक्के आणि ते जिन्यासारखे सरकलेले. मधल्या रकान्यात नऊ एक्के येतात आणि नऊ हा आकडा एका घरात मावतो. त्यामुळे उत्तरात जे दिसतं ते म्हणजे रकान्यांची उंची आहे बस, डोंगराचं चित्र आहे ते, फक्त आकड्यात काढलेलं.

दहा एक्के घेतले की मधल्या रकान्यात दहा एक्के होतात आणि दहा काही एका घरात मावत नाही, शून्य लिहायचं आणि हातचा एक डावीकडे. डावीकडे आधीच ९ होते, त्याचे झाले दहा, परत शून्य आणि परत हातचा एक. पुढे ८ होते, त्याचे झाले ९, आणि तिथे हातचा जिरला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. मुलीला दाखवा की उजवीकडची उतरण ९८७६५४३२१ अगदी शाबूत आहे, एक आकडासुद्धा हललेला नाही, कारण हातचा कायम डावीकडेच जातो. मोडतोड फक्त डाव्या बाजूला झालीये. आणि डाव्या बाजूला नीट बघा, १, २, ३, ४, ५, ६, ७ आणि मग एकदम ९. आठ गायब. हे लक्षात ठेवा, खाली एका पत्रात याचा उपयोग होणारे.

प्रश्न (नाशिक): या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ हा नऊचा वर्ग. १२३२१ ची बेरीज ९, तो तीनचा वर्ग. दरवेळी वर्गच येतो, हा योगायोग आहे का?

उत्तर: नाही, अजिबात योगायोग नाही, आणि वरचं वहीचं चित्र डोळ्यासमोर ठेवलं तर सांगायलाही काही उरत नाही. नऊ ओळी गुणिले नऊ एक्के म्हणजे ८१ एक्के कागदावर होते, आपण ते रकान्यावार मोजले, मग सगळे आकडे मिळवले तर ८१ च येणार, कुठला एक्का कुठे पळून गेला नाही.

पण दहा एक्क्यांच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज करून बघा. १०० यायला हवी होती, येते ८२. कमी पडले १८. कारण प्रत्येक हातच्याला एका रकान्यातले दहा एक्के उचलले जातात आणि शेजारी एकच ठेवला जातो, म्हणजे दर हातच्यामागे नऊ कमी. हातचे दोन झाले, दोन गुणिले नऊ अठरा. कुठल्याही बेरजेला हे लागू आहे, मिळवायच्या संख्यांच्या अंकांची बेरीज आणि उत्तराच्या अंकांची बेरीज यातला फरक बघून मुलांना किती हातचे गेले ते सांगता येतं. मला हा भाग शाळेत कुणीतरी दाखवायला हवा होता असं फार वाटतं, हातचा म्हणजे फक्त विसरला की मार्क जाणारी गोष्ट एवढंच आपल्याला माहीत असतं.

प्रश्न (लातूर, निवृत्त शिक्षक): मी या संख्येचे सगळे विभाजक शोधायला बसलो. जोड्या लावत गेलो, २२ जोड्या मिळाल्या, म्हणजे ४४ विभाजक. पण मुलाने कॉम्प्युटरवर काढले तर ४५ दाखवतोय. माझा कुठला सुटला?

उत्तर: सर, तुम्ही हाताने ४४ काढलेत हे वाचून खरंच आनंद झाला. सुटलेला विभाजक म्हणजे स्वतः १११११११११. जोडी लावताना आपण म्हणतो, हा विभाजक आणि त्याने भागून आलेला दुसरा. पण १११११११११ ने भागलं की परत १११११११११ च येतं, त्याला वेगळा जोडीदार नाही, म्हणून जोड्यांच्या यादीत तो येतच नाही. फक्त वर्गसंख्यांच्या बाबतीत असं होतं, म्हणून विभाजकांची संख्या विषम आली की समोरची संख्या वर्ग आहे हे डोळे झाकून सांगावं.

बाकीच्या वाचकांसाठी ही ४५ कुठून येते ते सांगतो. नऊ एक्क्यांचे तीन तीनचे गट पाडा, १११ १११ १११. म्हणजे ही संख्या १११ गुणिले १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणजे तीनने भाग जाणार, भागलं तर ३३३६६७. ही ३३३६६७ मूळ संख्या आहे, खात्री करायची तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, रविवारी दुपारी निवांत बसून होण्यासारखं काम आहे. तर नऊ एक्के म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपली मोठी संख्या त्याचा वर्ग, म्हणजे तीन चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. विभाजक बनवताना तीन किती वेळा घ्यायचा याला पाच पर्याय (शून्य वेळा धरून), ३७ ला तीन, ३३३६६७ ला तीन. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस.

जाता जाता, ३३३ × ३३३६६७ हा गुणाकार हाताने करून बघा. सगळे एक्के येतात, आणि का येतात ते आता तुम्हाला माहितीये.

प्रश्न (अमरावती, दहावीचा विद्यार्थी): आमच्या क्लासच्या सरांनी १२३४५६७९ × ९ करायला लावलं, नऊ एक्के आले. १८ ने गुणलं तर नऊ दुवे, २७ ने गुणलं तर नऊ तिय्ये. पण १२३४५६७९ मध्ये ८ का नाही? आणि तुमच्या संख्येशी याचं नातं आहे का?

उत्तर: मित्रा, तू विचारलेला प्रश्न या सगळ्या पत्रांमधला माझा सर्वात आवडता आहे.

नातं तर सख्खं आहे. १२३४५६७९ म्हणजे ३७ × ३३३६६७, वर लातूरच्या सरांना जे अवयव सांगितले त्यातलेच दोन. नऊ एक्क्यांमधून ३ × ३ बाजूला काढले की हे उरतं. म्हणून आपली सतरा अंकी संख्या म्हणजे ८१ गुणिले १२३४५६७९ चा वर्ग.

आता आठ. एक भागिले ८१ कर, कॅल्क्युलेटरवर नको, लांबलचक भागाकार कर. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं येतं, तीच संख्या पुढे एक शून्य लावून पुन्हा पुन्हा. असं का येतं? १/८१ म्हणजे १/९ गुणिले १/९, आणि १/९ म्हणजे ०.१११११... न संपणारे एक्के. म्हणजे परत एक्क्यांना एक्क्यांनीच गुणायचंय, फक्त यावेळी एक्के कधीच संपत नाहीत. रकान्यांची उंची १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११, १२ अशी वाढतच जाते, उतार नाहीच. दहाव्या रकान्यात दहा आले की हातचा डावीकडच्या नऊवर, नऊचे दहा, तिथून हातचा आठवर, आठचे नऊ. आठ होता रे तिथे! हातच्याने त्याचा नऊ केला आणि नऊचं शून्य केलं. आणि हे वाचून तुला साताऱ्याच्या ताईंच्या प्रश्नातलं १२३४५६७९००... आठवलं पाहिजे, तिथे आठ जसा गेला तसाच इथे गेला, एकच चोर, एकच घर.

सरांना सांग, मधल्या सगळ्या गुणाकारांत ९, १८, २७ करत ८१ पर्यंत जाता येतं, १२३४५६७९ × ८१ म्हणजे नऊ नव्वे ९९९९९९९९९.

प्रश्न (डोंबिवली): या प्रकारच्या संख्यांना आमच्या डोंबिवलीचं नाव आहे असं ऐकलं. खरंच का? इतकी वर्षं लोकलने ये-जा केली पण कधी कुणी सांगितलं नाही.

उत्तर: काका, खरं आहे, आणि हे सांगायला मिळतंय म्हणून हे सदर लिहिताना सगळ्यात जास्त बरं वाटलं. १, १२१, १२३२१ पासून आपल्या सतरा अंकीपर्यंतच्या संख्यांना वंडरफुल डेमलो नंबर्स म्हणतात, जगभर म्हणतात. डेमलो हे तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या, मुंबईपासून तीस मैलांवरच्या स्टेशनचं नाव, आजचं डोंबिवली. या संख्यांचा अभ्यास करावा ही कल्पना ज्यांना त्या स्टेशनवर सुचली त्यांनीच ते नाव दिलं, ते म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकर सर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, शाळा ठाण्यात, पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. विद्यार्थी असतानाच १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. मग १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक. विद्यापीठातली नोकरी नाही, मोठी डिग्री नाही, पुष्कळदा स्वतःच छापलेल्या पुस्तिका. इथल्या बऱ्याच गणितज्ञांना ते काम किरकोळ वाटायचं, आकड्यांशी खेळ आहे म्हणायचे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा कुठे जगाला नाव कळलं, आणि तोवर सर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. १९८६ ला ते गेले. मला याचं वाईट वाटतं, आजही ६१७४ म्हटलं (तिचा खेळ खाली नागपूरच्या पत्रात आहे) की इंटरनेटवर लगेच कापरेकर येतात पण आपल्या पाठ्यपुस्तकाबाहेर किती मुलांना ते नाशिकच्या शाळेतले मास्तर होते हे माहीत असतं?

आता डेमलो म्हणजे नक्की काय. संख्येचे तीन भाग करायचे, डावा, मधला आणि उजवा. डावा आणि उजवा मिळवले की मधलाच आकडा पुन्हा पुन्हा आला पाहिजे. १२१ मध्ये १ आणि १ मिळून २. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मधे ३. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ मिळून ४४४, मधे ४. आणि आपल्या संख्येत डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९, आठही घरात नऊ, आणि मधे कोण बसलाय तर ९. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी तीन वेळा तपासून पाहिलं होतं.

त्यांनीच दिलेलं दुसरं एक नाव म्हणजे हर्षद संख्या, हर्ष देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येची अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो हे वर आलंच, उत्तर १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे ती हर्षद. नऊ एक्के, बेरीज ९, नऊने भाग जातो, तेही हर्षद. आणि तो आठ हरवलेला १२३४५६७९? अंकांची बेरीज करा, ३७ येते. आणि ३७ त्याचा अवयव आहे! तिघंही हर्षद. पहिल्या दोघांचं कारण सांगता येतं पण ३७ हा असा अचानक समोर येतो तेव्हा सरांनी हर्ष हाच शब्द का निवडला असेल ते कळतं.

प्रश्न (नागपूर): कापरेकरांच्या ६१७४ चा आणि या संख्येचा काही संबंध लावता येतो का?

उत्तर: थेट नाही, पण एक रस्ता आहे. ६१७४ चा खेळ माहीत असेलच, चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्यावर परत तेच. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येते आणि मग तिथून हलत नाही. (६१७४ सुद्धा हर्षद, बेरीज १८, भागाकार ३४३.) आता आपल्या डोंगराचा चढ घ्या, १२३४५६७८९, आणि त्याचाच उलटा उतार ९८७६५४३२१. मोठ्यातून लहान वजा करा, ८६४१९७५३२. अंक बघा, एक ते नऊ सगळे, प्रत्येक एकदाच! म्हणजे परत उतरत्या क्रमाने लावले तर ९८७६५४३२१ च, चढत्या क्रमाने १२३४५६७८९ च, वजाबाकी पुन्हा ८६४१९७५३२. नऊ अंकांच्या जगात ही एक ६१७४ सारखीच थांबलेली संख्या आहे, फक्त तिथे सगळे रस्ते हिच्याकडे येत नाहीत, काही दुसरीकडे जातात.

प्रश्न (इचलकरंजी): ऑफिसात एक्सेलमध्ये ही संख्या टाईप केली, एंटर मारलं तर सेलमध्ये १.२३४५७ई+१६ असं काहीतरी, आणि वर क्लिक करून पाहिलं तर शेवटी ३२१ च्या जागी ३००. कॉम्प्युटर चुकतो का?

उत्तर: चुकत नाही, विसरतो. एक्सेल संख्येचे फक्त पहिले पंधरा अंक लक्षात ठेवतं, पुढच्या घरात शून्य भरतं, आपली संख्या सतरा अंकी म्हणून शेवटचे २ आणि १ गेले. काही प्रोग्रॅममध्ये शेवटी ३२० दिसेल, तिथे कारण वेगळं, ते ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे एक सोडून एकच पूर्णांक साठवू शकतात, फक्त सम, आणि आपली आहे विषम, त्यामुळे शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसतात. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कराल तर पूर्ण बरोबर येईल.

हे नुसतं कोड्यापुरतं नाही म्हणून सांगतो, तुम्ही ऑफिसात काम करता, सोळा अंकी कार्ड नंबर किंवा लांब खाते नंबर एक्सेलमध्ये तसेच टाकलेत तर पंधराव्या अंकापुढचं सगळं शून्य होऊन बसतं आणि नंतर काही केल्या परत मिळत नाही. रकाना आधी टेक्स्ट करा, मग टाईप करा.

प्रश्न (सांगली, एक आई): मुलगा विचारतो ही संख्या वाचायची कशी आणि केवढी मोठी? कोटीच्या पुढे मलाच नीट येत नाही.

उत्तर: स्वल्पविराम देऊन लिहिलं तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. पण वाचायला खरी मजा भास्कराचार्यांच्या पद्धतीने आहे. लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, त्यांनी एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिलीयेत, दरवेळी दहापट. आपली संख्या सतरा स्थानं घेते, परार्धाच्या एकच पायरी खाली. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. आपल्या हायवेवरच्या घाटासारखं, अर्बुदावर माथा आणि मग उतार.

केवढी मोठी ते दाखवायला ग्राफ पेपर घ्या, त्यातला सगळ्यात छोटा चौकोन एक मिलीमीटरचा. आता असा चौरस ग्राफ पेपर मनात आणा ज्याची प्रत्येक बाजू १११ किलोमीटर १११ मीटर ११ सेंटिमीटर आणि १ मिलीमीटर आहे. मुंबई ते पुणे सरळ रेषेत जेवढं आहे त्यापेक्षा थोडी कमी. त्या कागदावरचे सगळे छोटे चौकोन मोजले तर बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१ भरतात, एकही कमी जास्त नाही. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता मोजले तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड तयार झाला त्याला साधारण साडेसहा कोटी वर्षं झालीत, यावरून मुलाला अंदाज येईल.

प्रश्न (पुणे): एका ओळखीच्या गृहस्थांनी दुकानाच्या गल्ल्यात ही संख्या लाल शाईने लिहून ठेवायला सांगितलीये, उलटसुलट सारखी आहे आणि मधे नऊ आहे म्हणून शुभ म्हणे. तुमचं मत?

उत्तर: दादा, गल्ल्यात ठेवून काही होणार नाही, स्पष्टच सांगतो. पण तुमच्या प्रश्नात एक महत्त्वाची गोष्ट दडलीये ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'चिमा काय कामाची' हे उलट वाचलं तरी तेच, तशीच ही संख्या. पण ते उलटसुलट सारखं असणं हा संख्येचा गुण नाही, आपण ती दहाच्या पद्धतीत लिहितो याचा गुण आहे. हीच संख्या कॉम्प्युटरच्या भाषेत, फक्त शून्य आणि एक वापरून लिहिली तर ५४ अंकी होते, सुरुवात १०१ ने होते आणि शेवट ००१ ने, म्हणजे उलटसुलट सारखेपणा तिथेच संपला. मधला नऊही गेला, अंकांची ८१ बेरीजही गेली. आपल्याला आठ बोटं असती आणि आपण आठाच्या पद्धतीत मोजत असतो तर डोंगर सात एक्क्यांपर्यंतच चढला असता, १२३४५६७६५४३२१, कारण तिथे आठ झाले की हातचा.

मग कुठल्याही पद्धतीत लिहा, बदलत नाही ते काय? ती वर्गसंख्या आहे हे बदलत नाही. तिला ४५ विभाजक आहेत हे बदलत नाही. तीन, सदतीस आणि ३३३६६७ हेच तिचे मूळ अवयव, हे बदलत नाही. हे संख्येचं स्वतःचं आहे, बाकीचा पोशाख आहे. पोशाख सुंदर आहे, मला मनापासून आवडतो, पण त्या गृहस्थांनी पोशाखालाच माणूस समजलंय.

प्रश्न (गोवा, म्हापसा): नुसत्या एक्क्यांनी बनलेली संख्या कधी मूळ असते का? नऊ एक्के तर नाहीत.

उत्तर: असते, पण फार क्वचित. ११ मूळ आहे. त्यानंतर थेट एकोणीस एक्के, मग तेवीस एक्के, मग ३१७ एक्के, मग १०३१. एक्क्यांची मोजणीच जर मूळ नसेल तर संख्या मूळ असणं शक्य नाही, कारण नऊ एक्क्यांचे जसे आपण तीन तीनचे गट पाडले तसे गट पाडता येतात. उलट मात्र खरं नाही, तीन ही मूळ संख्या आहे पण १११ ला तीनने भाग जातो.

प्रश्न (सोलापूर, सातवीतली मुलगी): नऊपर्यंत जाऊन परत येण्याऐवजी दहापर्यंत जाऊन परत आलं तर? म्हणजे १२३४५६७८९ मग १० मग ९८७६५४३२१, असं सरळ लिहून काढलं तर तीसुद्धा कुणाचा वर्ग असते का?

उत्तर: बाळा, तू लिहिलीस ती संख्या १२३४५६७८९१०९८७६५४३२१, वीस अंकी. ती कुणाचाच वर्ग नाही. तिला तीनने भाग जात नाही, अंकांची बेरीज ९१ येते ते तू करून बघ. सातने नाही, ३७ ने नाही, ३३३६६७ ने नाही, कशानेच नाही, फक्त एकने आणि तिने स्वतःच. नऊवरून परत फिरलं तर ४५ विभाजक, आणि फक्त एक पाऊल पुढे, दहापर्यंत जाऊन परत फिरलं तर मूळ संख्या.